सिस्टीम हेडरमधले दोष आणि त्यांना घालायचे वळसे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुमच्या कोडची एक ओळही बदललेली नसते. कंपायलर नवा आलेला असतो किंवा सी लायब्ररी नवी चढवलेली असते, आणि बिल्ड अशा एका हेडरवर (इतर कोडमध्ये घेतल्या जाणाऱ्या घोषणांच्या फाइलवर) अडतो जे तुम्ही आजवर कधी उघडूनही पाहिलेले नाही. खालचे प्रश्न मला अशाच वेळी विचारले गेले आहेत. उत्तरांतले बरेचसे जीसीसी आणि क्लँग हे कंपायलर आणि ग्लिबसी ही लिनक्सवरची सी लायब्ररी यांच्याबद्दल आहे, कारण माझे काम त्यांच्यावरच चालते.

चूक नेमकी कोणाची, कंपायलरची की सी लायब्ररीची?

पुष्कळदा एकट्या कोणाचीच नाही. चूक असते ती दोघांमधल्या करारात, आणि तो करार कागदावर फारसा नाही, हेडरमध्येच मुरलेला आहे. म्हणून आधी कोणते हेडर कोणाच्या मालकीचे ते माहीत हवे.

ऑपरेटिंग सिस्टीम नसतानाही जी हेडर असलीच पाहिजेत, ती कंपायलर स्वतःसोबत आणतो. १९८९ च्या सी मानकात ती चार होती: फ्लोट.एच, लिमिट्स.एच, स्टडआर्ग.एच आणि स्टडडेफ.एच. सी९९ मध्ये स्टडबूल.एच आणि स्टडइंट.एच यांची भर पडली, सी११ मध्ये आणखी काहींची. स्टडआयओ.एच, स्टडलिब.एच, स्ट्रिंग.एच ही सी लायब्ररीची. लिनक्स/ आणि एएसएम/ या फोल्डरांतली हेडर कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याची. सी++ वापरत असाल तर सीस्टडलिबसारखी हेडर ही सी++ लायब्ररीची, आणि ती आतून पुन्हा सी लायब्ररीच्या हेडरना बोलावतात.

आता लिमिट्स.एच पाहा. या नावाच्या दोन फाइल असतात, एक जीसीसीची आणि एक ग्लिबसीची. शोधमार्गात, म्हणजे हेडर शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, जीसीसीची आधी सापडते. ती #इन्क्लूड_नेक्स्ट (यादीतल्या पुढच्या फोल्डरांत शोधा असे सांगणारी सूचना) वापरून ग्लिबसीच्या फाइलला बोलावते. ग्लिबसीची फाइल थेट उघडली गेली असेल, तर ती त्याच युक्तीने जीसीसीच्या फाइलला बोलावते. कोण आधी आले हे दोघींना एकमेकींच्या गार्ड-मॅक्रोवरून, म्हणजे फाइल एकदा वाचली गेल्याच्या खुणेवरून, कळते. दोन वेगळे प्रकल्प, दोन वेगळी वेळापत्रके आणि दोघांत ही एवढी नाजूक गाठ. ती कधीमधी सुटते याचे मला नवल वाटत नाही. एरवी ती इतकी वर्षे टिकून आहे याचे कौतुक मात्र जरूर वाटते.

ती सुटते कशी, याचे नमुनेदार उदाहरण शून्यापासून टूलचेन (कंपायलर, लायब्ररी वगैरेंचा संच) उभारताना दिसते. पहिल्या फेरीतला जीसीसी बांधताना सी लायब्ररी अजून नसतेच. लायब्ररीचे लिमिट्स.एच सापडत नाही म्हणून जीसीसी आपली अपुरी आवृत्ती बसवतो. पुढे लायब्ररी आली तरी ती अपुरी फाइल तिला बोलावत नाही, आणि पाथ_मॅक्ससारखी नावे गायब राहतात. यावरचा प्रचलित उपाय म्हणजे जीसीसीच्या स्रोतातल्या लिमिटएक्स.एच, ग्लिमिट्स.एच आणि लिमिटवाय.एच या तीन फाइल याच क्रमाने जोडून पूर्ण हेडर हाताने तयार करणे.

दोष हेडरमध्ये आहे की माझ्या कोडमध्ये, हे कसे ओळखू?

एक नवी फाइल घ्या. तिच्यात फक्त ते एक हेडर घ्या, बाकी काही नाही. बिल्डमध्ये असतात तेच सगळे पर्याय देऊन ती कंपाइल करा. एरर आली तर दोष हेडरमध्ये किंवा पर्यायांमध्ये आहे. आली नाही, तर तुमच्या कोडमधले आधीचे काहीतरी हेडरला बिघडवते आहे. बहुतेक वेळा तो एखादा मॅक्रो (एका नावाच्या जागी दुसरा मजकूर घालणारी व्याख्या) असतो किंवा हेडर घेण्याचा क्रम.

दुसऱ्या बाबतीत कॅपिटल ई चा पर्याय देऊन प्रीप्रोसेसरचे, म्हणजे हेडर आणि मॅक्रो उलगडणाऱ्या पहिल्या टप्प्याचे, आउटपुट वाचा. ते लांबलचक असते, पण एररच्या ओळीजवळच पाहायचे असते. त्यातल्या # ने सुरू होणाऱ्या ओळींत फाइलचे नाव असते आणि पुढे छोटे आकडे: १ म्हणजे नव्या फाइलची सुरुवात, २ म्हणजे आधीच्या फाइलकडे परत, ३ म्हणजे सिस्टीम हेडर, ४ म्हणजे 'एक्स्टर्न सी' मानायचा मजकूर. कोणी कोणाला बोलावले याची उतरंड कॅपिटल एच च्या पर्यायाने दिसते. शोधमार्गाची यादी -व्ही देते. एखादा मॅक्रो कुठे ठरला हे -डीडी सांगते. अंदाजावर पॅच लिहिण्याआधी ही दहा मिनिटे द्याच. अपेक्षेपेक्षा वेगळ्याच फोल्डरातले हेडर उघडले जात होते, असे मला कितीतरी वेळा याच टप्प्यावर आढळले आहे.

सिस्टीम हेडरमधल्या वॉर्निंग मला का दिसत नाहीत?

जीसीसी आणि क्लँग त्या मुद्दाम दाबतात. -डब्ल्यूसिस्टीम-हेडर्स दिले की दिसू लागतात. दोष शोधताना हा पर्याय चालू करा, रोजच्या बिल्डमध्ये नको.

/यूएसआर/इन्क्लूड मधली फाइलच थेट दुरुस्त केली तर?

करू नका. पॅकेजच्या पुढच्या अपडेटमध्ये ती दुरुस्ती पुसली जाईल आणि तोवर तुम्ही ती विसरलेले असाल. शिवाय तुमच्या मशीनवर चालणारा कोड दुसऱ्याच्या मशीनवर चालणार नाही, आणि त्याचे कारण त्याला कुठेच लिहिलेले सापडणार नाही. दुरुस्ती तुमच्या स्रोताबरोबर प्रवास करणारी हवी.

मग जीसीसीचे इन्क्लूड-फिक्स्ड फोल्डर काय आहे? ते तर हेडर बदलतेच!

बदलते, पण प्रतीत. मूळ फाइलला हात लावत नाही. जीसीसी बांधला जाताना फिक्सइन्क्लूड्स नावाचा प्रोग्राम सिस्टीमची हेडर चाळतो. इन्क्लहॅक.डेफ नावाच्या फाइलमध्ये ओळखीच्या दोषांची यादी असते: कोणत्या फाइलमध्ये, कोणती खूण दिसली तर, काय बदलायचे. खूण जुळली की सुधारलेली प्रत इन्क्लूड-फिक्स्ड मध्ये ठेवली जाते, आणि ते फोल्डर शोधमार्गात सिस्टीमच्या आधी येते. प्रतीच्या माथ्यावर ही फाइल आपोआप बदललेली आहे, हिला हात लावू नका, अशी सूचना असते. वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या युनिक्सची हेडर मानकाला धरून नसायची आणि ती दुरुस्त करून घेणे वापरणाऱ्याच्या हातात नसायचे, त्या काळातली ही सोय आहे.

अडचण अशी की ही प्रत जीसीसी बांधला त्या दिवशीची असते. नंतर सी लायब्ररी बदलली तरी प्रत जुनीच राहते आणि नव्या हेडरला झाकून टाकते.

एका बिल्ड सर्व्हरवर मी यात दोन दिवस घालवले आहेत. सी लायब्ररी नवी चढवलेली होती, कंपायलर तोच होता, आणि पीथ्रेड.एच मधल्या एका स्ट्रक्चरवरून एररचा पाऊस पडत होता. मी /यूएसआर/इन्क्लूड मधली फाइल पुन्हा पुन्हा वाचत होतो आणि तिच्यात काहीच चुकीचे नव्हते. एररच्या ओळीत लिहिलेला मार्ग शेवटी शांतपणे वाचला, तेव्हा ती फाइल इन्क्लूड-फिक्स्ड मधली निघाली.

उपाय दोन. जीसीसीच्या इन्स्टॉल-टूल्स फोल्डरात एमकेहेडर्स ही स्क्रिप्ट असते. ती चालवली की प्रती नव्याने तयार होतात. किंवा ती एक शिळी प्रत काढून टाका. आजच्या लिनक्सवर ग्लिबसीची हेडर चांगल्या स्थितीत असतात आणि बहुतेक प्रतींची गरज नसते. तरी आधी प्रत आणि मूळ फाइल यांची तुलना करून फरक खरोखर निरर्थक आहे का ते पाहा.

दुरुस्ती करणारा प्रोग्रामच हेडर बिघडवू शकतो का?

हो, आणि हे उदाहरण मला फार बोलके वाटते. जीसीसीच्या जीएनयू मोडमध्ये लिनक्स हा शब्द एक मॅक्रो असतो आणि त्याची किंमत १ असते. ही जुनी प्रथा आहे. ग्लिबसीला एका हेडरमध्ये विचारायचे होते की लिनक्स/स्टॅट.एच उपलब्ध आहे का. प्रश्न __हॅज_इन्क्लूड ने कोनी कंसांत विचारला, तर जीसीसीच्या काही आवृत्त्या आतल्या शब्दाचाही मॅक्रो म्हणून विस्तार करत आणि १/स्टॅट.एच शोधू लागत. म्हणून ग्लिबसीने कोनी कंस टाळून अवतरणचिन्हे वापरली आणि जीसीसीच्या दोषाचा क्रमांक, ८०००५, शेजारीच टिप्पणीत लिहून ठेवला.

फिक्सइन्क्लूड्समध्येही एक जुना नियम होता: हेडरमध्ये लिनक्ससारखे उघडे नाव दिसले की त्याचे __लिनक्स__ करायचे. अवतरणातल्या फाइलच्या नावालाही तो लागू झाला, आणि सुधारलेली प्रत __लिनक्स__/स्टॅट.एच नावाची फाइल शोधू लागली.

त्या टिप्पणीतला क्रमांक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो आहे म्हणूनच ती अवतरणचिन्हे तिथे का आहेत हे पुढच्या माणसाला कळते आणि 'स्वच्छता' म्हणून तो ती पुसत नाही.

मी जीसीसी वापरतच नाही, तरी हेडर मला जीसीसी का समजते?

कारण तुमचा कंपायलर तसे सांगतो. क्लँग __जीएनयूसी__ हा जीसीसीची ओळख सांगणारा मॅक्रो ठरवतो आणि नेहमीच्या मांडणीत स्वतःला जीसीसी ४.२.१ म्हणवतो. नाहीतर अर्ध्या जगाची हेडर त्याला परके मानून उपयोगी भाग वगळतील. हे सोंग बहुतेक वेळा पचते. पण एखादे हेडर आवृत्ती पाहून कंपायलरला काय येते हे ठरवू लागले, की गडबड होते.

ग्लिबसी २.२६, २०१७ मध्ये आली. तिने एक्स८६-६४ वर _फ्लोट१२८ हा प्रकार आणला. कंपायलर जीसीसी ७ किंवा पुढचा असेल तर सी मध्ये हा प्रकार अंगभूत आहे असे हेडर धरून चालत होते. इंटेलचा तेव्हाचा सी कंपायलर सिस्टीमवर बसवलेल्या जीसीसीची आवृत्ती आपली म्हणून सांगत असे. त्यामुळे जीसीसी ७ शेजारी असला की _फ्लोट१२८ माहीत नाही अशा एरर येत. अनेकांनी ते नाव __फ्लोट१२८ म्हणून मॅक्रोने ठरवून वेळ निभावली.

आपल्या कोडमध्ये मी यातून एकच पथ्य घेतले. आवृत्तीवरून क्षमता ओळखायची नाही, क्षमताच विचारायची. __हॅज_इन्क्लूड जीसीसी ५ पासून आहे, __हॅज_बिल्टइन जीसीसी १० पासून, आणि क्लँगमध्ये दोन्ही त्याआधीपासून. जिथे यांनी भागत नाही तिथे कॉन्फिगर करताना दोन ओळींचा प्रोग्राम कंपाइल करून पाहावा.

दोन अंडरस्कोरने सुरू होणारी नावे तर राखीव असतात. त्यांचीही टक्कर होते?

होते, कारण ती राखीव आहेत कंपायलर आणि लायब्ररी या दोघांसाठी मिळून. त्या दोघांत वाटणी कोणीच करून दिलेली नाही.

ग्लिबसीच्या युनिस्टड.एच मध्ये एनक्रिप्ट या फंक्शनच्या एका पॅरामीटरचे नाव __ब्लॉक होते. लायब्ररीच्या दृष्टीने पूर्ण नियमात. क्लँगमध्ये ब्लॉक्स ही सुविधा चालू केली की __ब्लॉक हा मॅक्रो होतो, आणि हे हेडर घेणारी प्रत्येक फाइल मोडत असे. ग्लिबसीने पुढे नाव बदलले. जुन्या हेडरसोबत काम करायचे असेल तर पुशमॅक्रो प्रॅग्मा (कंपायलरला दिलेली खास सूचना) वापरून युनिस्टड.एच पुरते ते नाव दुसऱ्या कशावर तरी वळवायचे आणि लगेच पॉपमॅक्रोने पूर्ववत करायचे. पूर्ववत करणे विसरलात तर तुमचेच ब्लॉक्स मोडतील.

बीएसडीच्या हेडरमधला __अनयूज्ड हा मॅक्रो आणि लिनक्सच्या स्ट्रक्चरमधली त्याच नावाची फील्ड यांचेही हेच दुखणे. विंडोज.एच चे मिन आणि मॅक्स तर अंडरस्कोरशिवायच येतात. ते हेडर घेण्याआधी नोमिनमॅक्स ठरवा.

लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्राम) म्हणतो, एकाच फंक्शनच्या अनेक व्याख्या आहेत, आणि ते फंक्शन तर लायब्ररीचे आहे!

हा 'एक्स्टर्न इनलाइन'चा घोळ. जुन्या जीएनयू८९ पद्धतीत याचा अर्थ होता: ही व्याख्या फक्त जागेवर उलगडण्यासाठी, हिच्यातून बाहेर दिसणारे फंक्शन तयार करू नका. सी९९ ने नेमका उलटा अर्थ ठरवला: बाहेर दिसणारे फंक्शन इथेच तयार करा. लायब्ररीच्या हेडरमधली अशी ओळ सी९९ च्या नियमाने वाचली की ते हेडर घेणारी प्रत्येक फाइल त्या फंक्शनची एक एक प्रत बनवते आणि लिंकर अडतो.

जीसीसीने सी९९ मोडमध्ये नवा अर्थ ४.३ मध्ये, २००८ साली स्वीकारला. जीसीसी ५ ने २०१५ मध्ये सी११ वर आधारलेला मोड मूलभूत (न सांगता धरला जाणारा) केला, तेव्हा कोणताही मोड न सांगणारे जुने प्रकल्पही या वाटेला आले. एका बिल्डपुरता वळसा -एफजीएनयू८९-इनलाइन. कायमची दुरुस्ती म्हणजे त्या व्याख्येला जीएनयू_इनलाइन हा ॲट्रिब्यूट लावणे. ती हेडर तुमचीच असतील तर ही कायमची दुरुस्तीच करा.

स्टडलिब.एच सापडत नाही अशी एरर येते. फाइल तर समोर दिसते आहे.

बिल्डच्या पर्यायांत -आयसिस्टम /यूएसआर/इन्क्लूड शोधा. जीसीसी ६ पासून सी++ लायब्ररीचे सीस्टडलिब हे #इन्क्लूड_नेक्स्ट वापरून स्टडलिब.एच मागते, म्हणजे 'माझ्या फोल्डराच्या पुढच्या फोल्डरांत पाहा'. त्या पर्यायाने /यूएसआर/इन्क्लूड रांगेत पुढे सरकते, सी++ हेडरच्याही आधी. मग 'पुढे' काहीच उरत नाही.

तो पर्याय काढून टाका, बस. हा बहुधा एखाद्या बिल्ड साधनाने सापडलेल्या लायब्ररीचा मार्ग म्हणून आपणहून टाकलेला असतो. मार्ग शोधमार्गात असणे खरोखर गरजेचे असेल तर -आयडीरआफ्टर वापरा. तो रांगेच्या शेवटी जातो.

कर्नलची आणि लायब्ररीची हेडर एकत्र घेतली की स्ट्रक्चर दोनदा ठरते. कोणाला आधी घेऊ?

क्रम बदलून काही जोड्या जमतात. नेटइनेट/इन.एच आणि लिनक्स/इन६.एच यांच्या भांडणासाठी कर्नलने लिबसी-कंपॅट.एच आणले, आणि त्यामुळे ग्लिबसीचे हेडर आधी घेतले की बहुतेक वेळा निभते. पण २०२२ च्या ग्लिबसी २.३६ मध्ये सिस/माउंट.एच ला नवी माउंट फंक्शने आली आणि ते लिनक्स/माउंट.एच शी भांडू लागले. क्रमावर विसंबलेले बरेच प्रकल्प तेव्हा मोडले.

मी आता क्रमाच्या नादी लागत नाही. कर्नलचे हेडर एका वेगळ्या सी फाइलमध्ये घेतो, तिथे एकदोन छोटी फंक्शने लिहितो आणि बाकी कोडला फक्त त्यांची घोषणा दिसते. एक फाइल वाढते, पण ही दोन हेडर पुन्हा कधी समोरासमोर येत नाहीत.

स्वतःचे वेष्टण-हेडर कसे लिहावे?

प्रकल्पात कंपॅट नावाचे फोल्डर करा आणि -आय ने ते शोधमार्गात आधी आणा. त्यात सदोष हेडरच्याच नावाची फाइल ठेवा. आत क्रम असा: लागतील ते मॅक्रो, मग #इन्क्लूड_नेक्स्ट ने खरे हेडर, मग राहिलेली घोषणा किंवा चुकीच्या मॅक्रोची दुरुस्ती. लिब्रएसएसएलची पोर्टेबल आवृत्ती असेच करते. ग्नूलिब या सिस्टीममधल्या उणिवा भरून काढणाऱ्या संग्रहाने तर हे शास्त्रच केले आहे. कोणत्या हेडरमध्ये कोणत्या सिस्टीमवर काय उणे आहे याची तिच्या मॅन्युअलमधली यादी वाचण्यासारखी आहे.

यात तीन ठिकाणी पाय घसरतो. गार्डचे नाव मूळ हेडरच्या गार्डसारखे ठेवले तर मूळ हेडर रिकामे वाचले जाते. काही सिस्टीम हेडर मुद्दाम अनेकदा आणि थोडीथोडी वाचली जातात: ग्लिबसी __नीड_साइज_टी ठरवून स्टडडेफ.एच मधले फक्त साइज_टी मागते. अशा हेडरला सरळ गार्ड घातले तर पुढच्या मागण्या वाया जातात, म्हणून स्टडडेफ.एच ला वेष्टण घालूच नये. आणि मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला #इन्क्लूड_नेक्स्ट कळत नाही. तिथे हे फोल्डर शोधमार्गात टाकू नका.

फंक्शन हेडरमध्ये दिसते आहे, तरी कंपायलर घोषणा नाही म्हणतो.

कारण वैशिष्ट्य-मॅक्रो, म्हणजे कोणती नावे दाखवायची हे हेडरला सांगणारे मॅक्रो. -एसटीडी=सी११ असा काटेकोर मोड दिला की ग्लिबसी पॉझिक्सची (युनिक्ससारख्या सिस्टीमच्या मानकाची) आणि स्वतःची जादा नावे लपवते. _पॉझिक्स_सी_सोर्स किंवा _जीएनयू_सोर्स हे पहिल्या हेडरच्या आधी ठरवावे लागते, दुसऱ्याच्या आधी ठरवून उपयोग नाही. जी++ लिनक्सवर _जीएनयू_सोर्स आपणहून ठरवते, त्यामुळे तोच तुकडा सी++ मध्ये चालतो आणि सी मध्ये नाही.

कधी हेडरच हलवलेले असते. मेजर, मायनर आणि मेकडेव्ह हे मॅक्रो पूर्वी सिस/टाइप्स.एच घेतले की मिळत, ग्लिबसी २.२८ पासून सिस/सिसमॅक्रोज.एच स्वतः घ्यावे लागते. हा दोष नाही, सुधारणा आहे. मायनर नावाचे साधे व्हेरिएबल त्या मॅक्रोंनी किती वर्षे मोडले!

मसल ही ग्लिबसीऐवजी वापरली जाणारी सी लायब्ररी ओळखायचा मॅक्रो कोणता?

असा मॅक्रो नाही, आणि तो मुद्दामच ठेवलेला नाही. लायब्ररीचे नाव पाहून नव्हे, हवे ते वैशिष्ट्य आहे का हे तपासूनच कोड लिहावा अशी तिच्या कर्त्यांची भूमिका आहे. मला ती पटते.

नवा जीसीसी घेतल्यावर बूल वरून एरर येते.

२०२५ च्या जीसीसी १५ ने सी२३ हा मूलभूत मोड केला. त्यात बूल, ट्रू, फॉल्स हे कीवर्ड आहेत, त्यामुळे स्वतःचा बूल ठरवणारी जुनी हेडर मोडतात. रिकाम्या कंसांचा अर्थही आता 'एकही पॅरामीटर नाही' असा आहे. हेडर तुमचे असेल तर सुधारा; बाहेरचे असेल तर तो भाग -एसटीडी=जीएनयू१७ ने बांधा.

वळसा कोडमध्ये किती काळ ठेवावा?

सदोष आवृत्ती तुमच्या समर्थनाच्या यादीतून जाईपर्यंत. पण ती कोणती हे लिहून ठेवले असेल तरच ते कळते. मी प्रत्येक वळशाशेजारी चार गोष्टी लिहितो: कोणते हेडर, कोणत्या आवृत्तीत दोष आढळला, मूळ प्रकल्पात नोंदवलेल्या दोषाचा क्रमांक, आणि वळसा नसताना येणारी एरर शब्दशः. क्रमांक हवा म्हणजे आधी दोष नोंदवायला हवा. त्यासाठी जीसीसी आणि ग्लिबसी दोघांचेही बगझिला, म्हणजे दोष नोंदवण्याची संकेतस्थळे, आहेत. एका हेडरची ती छोटी फाइल, प्रीप्रोसेसरचे आउटपुट आणि कंपायलर व लायब्ररी दोन्हींच्या आवृत्त्या जोडल्या की नोंद पुरी होते. नेमका कोणाचा दोष हे ठरत नसेल तर दोन्हीकडे नोंदवा आणि एका नोंदीत दुसरीचा क्रमांक द्या.

वर्षातून एकदा कंपॅट फोल्डर रिकामे करून सगळ्या मशीनवर बिल्ड चालवतो. जे मोडते तेवढेच परत ठेवतो.